नदीखालून वर येणारी गाडी: स्टाइनवे बोगद्याचा चढ आणि त्यासाठी घडवलेले डबे

२०२४ मध्ये कोलकात्यात हुगळीखालून मेट्रो धावू लागली. त्याच वर्षी पुण्यात मुठेखालून आणि पाठोपाठ मुंबईत मिठीखालून. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: गाडी नदीच्या तळाखाली उतरते हे समजलं, पण तेवढंच अंतर ती वर कशी चढते? आणि पावसाळ्यात रूळ ओले असतील तर?

प्रश्न अगदी बरोबर आहे. आपल्या बोरघाटात कर्जतहून लोणावळ्याला जाताना सर्वांत अवघड चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. तेवढ्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडावी लागतात. आता न्यूयॉर्कचा आकडा पाहा. मॅनहॅटन आणि क्वीन्स यांना ईस्ट रिव्हरखालून जोडणाऱ्या स्टाइनवे बोगद्यात चढ साडेचार टक्के आहे, म्हणजे साधारण २२ ला १. बोरघाटाहून कितीतरी तीव्र. तरीही १९१५ पासून तिथे विजेच्या गाड्या धावत आहेत आणि मागे बँकर लावावा लागत नाही. हे कसं जमलं ते समजलं, की आजच्या मेट्रोचाही बराचसा उलगडा होतो.

इतका चढ आला कुठून?

नदीखालच्या बोगद्याची खोली नदी ठरवते. पात्राचा तळ किती खोल आहे, त्याखाली खडक कुठे लागतो, बोगद्याच्या डोक्यावर किती थर शिल्लक ठेवायचा, यात फारशी सवलत मिळत नाही. स्थानकं मात्र काठाजवळ आणि जमिनीच्या जवळ हवी असतात, कारण माणसं तिथे राहतात. या दोन गोष्टींमधलं आडवं अंतर जितकं कमी, तितका चढ तीव्र.

स्टाइनवेच्या बाबतीत आणखी एक कारण होतं. हा बोगदा आगगाडीसाठी नव्हे, ट्रामसाठी पुरा केला गेला. पियानो बनवणाऱ्या घराण्यातल्या विल्यम स्टाइनवे यांच्या पुढाकाराने १८९२ मध्ये काम सुरू झालं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्फोटकांचा अपघात होऊन पाच माणसं दगावली आणि काम थांबलं. पुढे भांडवलदार ऑगस्ट बेलमाँट यांनी ते हाती घेऊन १९०७ मध्ये ट्रामसाठी पूर्ण केलं. खोदकाम उरकण्यासाठी नदीतल्या एका खडकावर विहीर पाडली होती. तिथे टाकलेल्या राडारोड्याचं छोटं बेट अजूनही ईस्ट रिव्हरमध्ये दिसतं.

ट्रामला साडेचार टक्के चढ म्हणजे विशेष काही नाही. फ्रँक स्प्रेग या अभियंत्याने १८८८ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंड शहरात सुमारे दहा टक्के चढावर विजेच्या ट्राम चालवून दाखवल्या होत्या. एकटा हलका डबा, मोटार त्याच्याच पोटाखाली, मागे ओझं नाही. पण स्टाइनवे बोगद्यातून ट्रामची नियमित वाहतूक सुरूच झाली नाही. बोगदा काही वर्षं रिकामा पडून होता. १९१३ मध्ये शहराने तो विकत घेतला, आणि २२ जून १९१५ ला तिथून भुयारी रेल्वेच्या गाड्या सुरू झाल्या. ट्रामच्या मापाने ठरलेल्या चढावरून आता जड, पोलादी, एकामागून एक जोडलेले डबे न्यायचे होते. बोगदा बदलता येत नव्हता, म्हणून डबे बदलले.

चढाचं ओझं मोजायचं कसं?

पोलादी चाक पोलादी रुळावर फार सहज फिरतं. सपाटीवर एक टन वजन हलतं ठेवायला अंदाजे पाच किलोची ओढ पुरते. साडेचार टक्के चढावर मात्र प्रत्येक टनामागे आणखी ४५ किलो लागतात, कारण त्या वजनाचा तेवढा हिस्सा गाडीला मागे खेचत असतो. पाचाचे झाले पन्नास. रेल्वेला चढ इतका जाचतो तो यामुळेच. रस्त्यावरच्या वाहनाला सपाटीवरही बरीच ओढ लागते, त्यामुळे चढाचा फरक त्या मानाने कमी जाणवतो. रेल्वेला सपाटी जवळजवळ फुकट पडते, म्हणून चढ दहापट महाग पडतो.

हिशेबासाठी प्रवाशांसह ४० टनांचा एक डबा धरू. चढावर नुसता चालता ठेवायला ४० गुणिले ५०, म्हणजे २,००० किलोची ओढ. ताशी २५ किलोमीटर वेगाने चढायचं तर सुमारे १३५ किलोवॉट, म्हणजे एका डब्यामागे १८० हून जास्त अश्वशक्ती. वाटेत थांबून पुन्हा सुटायचं असेल तर याहून जास्त ओढ लागते, कारण वेग घेण्याचं काम वेगळं.

मोठं इंजिन लावलं की झालं, नाही का?

बहुतेकांच्या मनात हाच उपाय येतो, आणि तो अपुरा आहे. ताकद मोटारीत असली तरी ती रुळावर उतरते चाकाच्या पकडीतून. कोरड्या रुळावर ही पकड चाकावरच्या वजनाच्या साधारण पाव भाग असते. बोगद्यात ओल असते, ब्रेकची लोखंडी धूळ आणि वंगण मिसळून रुळावर चिकट थर बसतो, मग ती आठव्या भागापर्यंत घसरते. पकडीपेक्षा जास्त ओढ लावली की चाक जागच्या जागी गरगरतं आणि गाडी हलत नाही.

म्हणून महत्त्वाचा आकडा अश्वशक्तीचा नाही, मोटारीने फिरणाऱ्या चाकांवर किती वजन आहे याचा आहे. त्या काळी न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे चालवणाऱ्या आयआरटी कंपनीच्या मोटारडब्याखाली चार-चार चाकांचे दोन सांगाडे असत आणि दोन्ही मोटारी एकाच सांगाड्यावर. ४० टनांपैकी साधारण २४ टन त्या सांगाड्यावर आले असं धरू. कोरड्या रुळावर पकड सहा टनांची, ओल्यावर तीन टनांच्या आत. लागणारी ओढ दोन टन. म्हणजे डबा चढतो. आता याच डब्यामागे ३५ टनांचा बिनमोटारीचा डबा जोडा. ओढ पावणेचार टन लागेल. कोरड्यात जमेल, ओल्यात जमणार नाही. एवढ्या एका हिशेबावरून कळतं, की अशा चढावर बिनमोटारीचा डबा जोडणं म्हणजे पावसाच्या दिवशी गाडी अडकण्याची सोय करून ठेवणं.

लंडनला हा धडा आधीच मिळाला होता. १८९० मध्ये सुरू झालेली सिटी अँड साउथ लंडन रेल्वे ही खोल बोगद्यातली पहिली विजेची रेल्वे. तिथे सुमारे दहा टनांचं छोटं इंजिन तीन डबे ओढायचं. इंजिनाच्या मोटारी गिअरशिवाय थेट आसावर बसवलेल्या. किंग विल्यम स्ट्रीट हे शेवटचं स्थानक थेम्स ओलांडल्यावर लगेच यायचं, आणि तिथे चढ, अरुंद वळण आणि वीजघरापासूनचं सर्वांत लांबचं अंतर या तिन्ही अडचणी एकत्र भेटायच्या. गाड्या तिथे दम टाकायच्या. १९०० मध्ये नव्या बोगद्यातून मार्ग वळवून ते स्थानक बंदच केलं.

त्याच वर्षी सुरू झालेल्या सेंट्रल लंडन रेल्वेने उलट टोक गाठलं: ४४ टनांचं वजनदार इंजिन. पकड भरपूर मिळाली, पण स्प्रिंगचा आधार नसलेलं वजन रुळावर इतकं आदळायचं, की वरच्या इमारती थरथरू लागल्या. तक्रारींची चौकशी होऊन १९०३ पर्यंत ती इंजिनं काढून टाकावी लागली.

दोन्ही ठिकाणचं उत्तर एकच निघालं, आणि ते स्प्रेग यांचं होतं. १८९७ मध्ये शिकागोसाठी त्यांनी अशी जोडणी केली, की मोटारी अनेक डब्यांखाली असतील पण त्या सगळ्या पुढच्या एका मोटरमनच्या हातातल्या खटक्याने एकत्र चालतील. मुंबईची लोकल आजही याच तत्त्वावर चालते. प्रवाशांचं वजन पकडीच्या कामी येतं, डबे वाढवले की मोटारीही वाढतात, आणि डब्यांमधल्या जोडावर घाटातल्या मालगाडीसारखा ताण येत नाही. विजेच्या रेल्वेच्या इतिहासात याहून मोलाची कल्पना क्वचितच सापडेल.

मग स्टाइनवे डब्यांत वेगळं काय होतं?

गिअर. मोटारीच्या दांड्यावरचं लहान दातेरी चाक आसावरच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. मोठ्याचे दाते लहानाच्या किती पट, ते गिअरचं प्रमाण. आयआरटीच्या नेहमीच्या डब्यांचं प्रमाण सपाटीवरच्या वेगासाठी ठरवलेलं होतं. त्यांना हा चढ झेपणारा नव्हता. म्हणून १९१५ पासून या मार्गासाठी खास गिअर-प्रमाणाचे डबे घेतले गेले. बोगद्याच्या नावावरून त्यांना स्टाइनवे डबे म्हणतात.

एसटीचा चालक घाट लागला की गिअर उतरवतो. इंजिन जोरात फिरतं, गाडी हळू चालते, पण दम लागत नाही. फरक इतकाच, की एसटीचा गिअर वाटेत बदलता येतो. विजेच्या डब्याचा गिअर कारखान्यात बसला तो बसला. सपाटीवरही त्याच गिअरमध्ये धावायचं.

पण गिअरने ताकद वाढते, एवढं म्हणून थांबलं तर खरा मुद्दा निसटतो. ताकद मोटारीत बहुधा असतेच. प्रश्न असतो उष्णतेचा. मोटारीच्या तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. त्या काळी तारेवरचं आवरण कापूस, अभ्रक आणि रोगण यांचं असे. ते एकदा करपलं की मोटार आतून जळते, आणि हे एका फेरीत होत नाही. प्रत्येक चढाला थोडं थोडं करपत जातं आणि एके दिवशी भर गर्दीत मोटार जाते. म्हणून मोटारीची क्षमता सांगताना ती तासभर किती ताकद देऊ शकते हे सांगतात. सततची क्षमता त्याहून कमी असते.

समजा प्रमाण तीनावरून चारावर नेलं. चाकावर तेवढीच ओढ हवी असेल तर मोटारीला आता तीन-चतुर्थांशच जोर लावावा लागतो. त्यामुळे प्रवाह उतरतो, आणि उष्णता पावभागापासून दोन-पंचमांशापर्यंत कमी होते. नेमकी किती, ते मोटारीच्या चुंबकाच्या स्थितीवर अवलंबून. नवी मोटार नाही, जास्त वीज नाही, फक्त दात्यांचा हिशेब बदलला आणि मोटारीचं आयुष्य वाढलं.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. सपाटीवर कमाल वेग कमी होतो. दुसरी किंमत लपलेली आहे. त्याच वेगाला मोटारीचा फिरता भाग आता तिसऱ्या हिश्श्याने जास्त वेगाने फिरतो, आणि उतारावर वीज बंद असली तरी चाकं त्याला फिरवतच राहतात. मर्यादा ओलांडली तर फिरत्या भागावरच्या तारा बांधून ठेवणारे पट्टे सुटतात, तारा बाहेर फेकल्या जातात आणि मोटार कुलूप लागल्यासारखी अडकते. म्हणजे चढासाठी बनवलेल्या डब्याला उतारावर जास्त काटेकोर वेगमर्यादा पाळावी लागते.

वेगळ्या गिअरचे डबे एकाच गाडीत जोडणंही टाळायला हवं. त्याच वेगाला एका डब्याच्या मोटारी निवांत तर दुसऱ्याच्या पूर्ण भाराखाली असतात, आणि सगळं ओझं एकाच्या अंगावर पडतं. क्वीन्समध्ये भरलेल्या १९३९ च्या जागतिक प्रदर्शनाला लोकांना नेण्यासाठी सेंट लुईस कार कंपनीकडून १९३८ मध्ये पन्नास नवे डबे आले, तेही स्टाइनवे जातीचेच घ्यावे लागले.

वीज पुरते का?

गाडीला वीज मिळायची रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून, सुमारे ६०० व्होल्टची. आपला डबा ताशी २५ किलोमीटरने चढताना, मोटारीतली घट धरून, सुमारे २७० अँपिअर घेतो. पाच डब्यांची गाडी साडेतेराशे. इतका प्रवाह पोलादाच्या रुळातून एक किलोमीटर लांबून आणला तर वाटेतच चाळीसेक व्होल्ट खर्ची पडू शकतात. त्याच वीजकेंद्रावर दुसरी गाडी त्याच वेळी सुटली तर आणखी. व्होल्टेज उतरलं की वेग उतरतो, चढावरचा वेळ वाढतो आणि मोटारी जास्त वेळ तापतात. यावर उपाय म्हणजे वीजकेंद्र चढाच्या जवळ ठेवणं आणि तिसऱ्या रुळाला जाड केबलने मधूनमधून वीज पुरवणं.

इथेच ‘लो-व्ही’ म्हणजे कमी व्होल्टेजच्या सुधारणेचा उपयोग झाला. आयआरटीच्या सुरुवातीच्या डब्यांत मोटारींचे खटके चालवणारी वीजही ६०० व्होल्टची असे आणि एका डब्यातून दुसऱ्यात केबलने जाई. स्टाइनवेच्या पिढीत हे काम ३२ व्होल्टच्या बॅटरीवर आलं. डबे जोडणाऱ्या केबलमधला धोका गेला, आणि तिसऱ्या रुळातलं व्होल्टेज चढावर डगमगलं तरी खटके आपल्या जागी घट्ट राहू लागले.

सुटण्याची पद्धतही समजून घेण्यासारखी आहे. आधी दोन्ही मोटारी एकामागून एक जोडून, मध्ये बिडाच्या जाळ्यांचा अडथळा घालून वीज दिली जाते. मग अडथळा पायरीपायरीने काढतात, आणि शेवटी मोटारी समांतर जोडून प्रत्येकीला पूर्ण व्होल्टेज मिळतं. मधल्या पायऱ्यांवर गाडी रेंगाळू देणं चढावर महागात पडतं, कारण त्या जाळ्या काही क्षणांपुरत्याच बनवलेल्या असतात. लाल होतात, वाकतात, तुटतात.

उतरताना तर सोपंच असेल?

उतरणं जास्त जोखमीचं. एसटीचा चालक त्याच गिअरमध्ये घाट उतरतो आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. त्या काळच्या डब्यात वीज तोडली की मोटार नुसती फिरत राही, धरून ठेवत नसे. सगळी भिस्त हवेच्या ब्रेकवर, म्हणजे चाकाच्या कडेवर दाबल्या जाणाऱ्या बिडाच्या ठोकळ्यांवर.

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी नेहमीच्या ब्रेकने सपाटीवर ४७ मीटरमध्ये थांबत असेल, तर २२ ला १ च्या उतारावर तिला ७० मीटरहून जास्त लागतात, कारण ब्रेकच्या जोराचा तिसरा हिस्सा उतारच खाऊन टाकतो. सिग्नल किती अलीकडे उभा करायचा हे यावरून ठरतं.

बिडाच्या ठोकळ्याचा एक स्वभाव मोटरमनला माहीत असावा लागतो. वेग जास्त असताना तो कमी धरतो, वेग उतरला की एकदम घट्ट धरतो. म्हणून सुरुवातीला जोरात दाबून थांबता थांबता सैल सोडायचा. तसं केलं नाही तर चाक फिरायचं थांबून घासत जातं आणि त्याला सपाट चट्टा पडतो. दुसरी चूक म्हणजे ब्रेक पुन्हा पुन्हा लावणं-सोडणं. प्रत्येक वेळी टाकीतली हवा खर्च होते, आणि ती भरायला वेळ मिळाला नाही तर उताराच्या तळाशी पोहोचेपर्यंत जोर उरत नाही.

चढ कमी का नाही केला? वाळू, रबर, दाते?

वीस मीटर वर यायचं असेल तर साडेचार टक्क्यांनी साडेचारशे मीटर लागतात, दोन टक्क्यांनी पूर्ण एक किलोमीटर. तेवढा बोगदा लांबवायचा, आणि काठावरची स्थानकं एक तर खूप खोल न्यायची किंवा काठापासून दूर ढकलायची. खर्च आणि गैरसोय दोन्ही कायमची.

रुळावर वाळू टाकून पकड वाढते हे खरं, आणि घाटातली इंजिनं ती वापरतात. बोगद्यात मात्र ती साचते, धूळ होऊन मोटारीत शिरते, आणि जास्त पडली तर चाक आणि रूळ यांच्यातला विजेचा संपर्क तुटतो. मग रुळातून गाडी ओळखणारी सिग्नल यंत्रणा फसू शकते. रबरी टायरचा उपाय पॅरिसने १९५६ मध्ये तीव्र चढ-वळणांच्या ११ क्रमांकाच्या मार्गावर केला. पकड भरपूर मिळते, पण सपाटीवरही जास्त वीज जाते. दातेरी रूळ ल्योंच्या मेट्रोत एका मार्गावर आहे, चढ मात्र १७ टक्क्यांचा. साडेचार टक्क्यांना तेवढ्याची गरज नसते.

चढ नेहमी शत्रूच असतो असंही नाही. सेंट्रल लंडनने स्थानकं मुद्दाम उंचवट्यावर ठेवली. येताना ६० ला १ चढ, जो गाडीला आपोआप हळू करतो. जाताना ३० ला १ उतार, जो तिला वेग देतो. वीज आणि ब्रेकचे ठोकळे दोन्ही वाचतात.

आजच्या मेट्रोत काय बदललं?

मुंबईची भुयारी मेट्रो आणि पुण्याची मुठेखालून जाणारी मेट्रो २५,००० व्होल्टवर चालतात. वरच्या हिशेबातल्या पाच डब्यांना साडेतेराशे अँपिअर लागत होते, तेवढ्याच ताकदीला आता पस्तीसेक अँपिअर पुरतात, म्हणून व्होल्टेज उतरण्याची चिंता जवळजवळ गेली. मोटारी तीन फेजच्या आहेत. चाक घसरू लागलं की क्षणार्धात जोर कमी करून पुन्हा देण्याचं काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. उतारावर मोटारच ब्रेक होते आणि वीज तारेत परत पाठवते.

पकडीचा नियम मात्र तोच आहे, आणि त्याची खरी परीक्षा चढ चढण्यात नाही, चढावर बंद पडलेल्या गाडीची सुटका करण्यात होते. आपल्याच हिशेबातल्या डब्यांची एक गाडी बोगद्यात मेली आणि तितकीच मोठी दुसरी गाडी तिला मागून ढकलायला आली असं समजा. चालत्या गाडीच्या प्रत्येक टनाला आता पन्नासऐवजी शंभर किलोची ओढ हवी, आणि सुटण्यासाठी वरून आणखी थोडी. कोरड्या रुळावर दीडशेपर्यंत मिळू शकते. ओल्यावर सत्तरीच. अशा वेळी त्या काळच्या गाडीला ढकलून वर नेण्याचा हट्ट करण्यात अर्थ नसे. घसरून मागे सरकणाऱ्या गाडीला पुढचा खटका दिला तर प्रवाह उसळून फ्यूज जातात आणि दोन गाड्या अडकतात. त्यापेक्षा ब्रेक नीट तपासून, सावकाश, उताराच्या बाजूने काढणं शहाणपणाचं. आज मात्र नवी मेट्रो गाडी मागवताना मागणीपत्रातच अट असते, की एका चांगल्या गाडीने दुसऱ्या बंद गाडीला मार्गातल्या सर्वांत तीव्र चढावरून वर नेता आलं पाहिजे. गाडीतल्या किती डब्यांना मोटारी बसवायच्या, हे बऱ्याच अंशी या अटीवरून ठरतं.